रविवार कोणाचा? : ट्यूडरकालीन इंग्लंडमधील लोकरंजनाचा पुनर्विचार

शेक्सपिअरच्या एखाद्या नाटकाच्या अध्यापनास प्रारंभ करण्यापूर्वी ‘एलिझाबेथकालीन पार्श्वभूमी’ या शीर्षकाखाली जी माहिती वर्गात सांगितली जाते, तिचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. मेपोलभोवतीची नृत्ये, जत्रा, अस्वलांच्या झुंजी, पत्ते व फासे आणि या साऱ्याचा कळस म्हणून थेम्सच्या दक्षिण तीरावरील नाट्यगृहे, अशी ती एक रंगीत यादी असते. या यादीतून ‘आनंदी इंग्लंड’चे चित्र उभे राहते. राजापासून हमालापर्यंत सारे जण एकाच उत्साहाने सण साजरे करीत आहेत, असे हे चित्र आहे. ट्यूडर राजघराण्याचा काळ मात्र १४८५ ते १६०३ असा ११८ वर्षांचा आहे. या अवधीत इंग्लंडचा धर्म राजाज्ञेने वारंवार बदलला, मठ मोडले गेले, सणांची संख्या घटली आणि लंडनची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली. पाठ्यपुस्तकांतील यादी हे सारे बदल ओलांडून सर्व काळाला सारखीच लावली जाते, ही तिची पहिली उणीव होय.

दुसरी उणीव साधनांच्या वाचनाची आहे. ज्यांनी हे खेळ खेळले, त्यांनी त्यांविषयी क्वचितच लिहिले. लिहिले ते बंदी घालणाऱ्यांनी, उपदेश करणाऱ्यांनी आणि नाके मुरडणाऱ्यांनी. सर टॉमस एलियट यांनी १५३१ मधील आपल्या ग्रंथात फुटबॉलला पाशवी ठरवले. स्टीफन गॉसन यांनी १५७९ मध्ये नाट्यगृहांवर कोरडे ओढले. फिलिप स्टब्ज यांनी १५८३ मध्ये मेपोलपासून नृत्यापर्यंत कशालाच सोडले नाही. फिर्यादीच्या जबानीवरून आरोपीचे चरित्र लिहावे, तसा हा प्रकार आहे. मात्र फिर्यादी आपल्या जबानीत स्वतःला नकोशी असलेली माहितीही देऊन जातो. हे दस्तऐवज ‘काय वाईट’ यासाठी न वाचता ‘कोण’ आणि ‘कोणत्या वारी’ यासाठी वाचले, तर वेगळेच चित्र पुढे येते. ट्यूडर काळातील हा वाद खेळांच्या बऱ्यावाईटपणाचा होताच. परंतु त्याच्या मुळाशी कष्टकऱ्याच्या मोकळ्या वेळावर मालकी कोणाची, हा प्रश्न होता. या प्रश्नाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

एका अपघाताची नोंद

१३ जानेवारी १५८३ हा रविवार होता. त्या दिवशी दुपारी थेम्सच्या दक्षिण तीरावर, पॅरिस गार्डन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अस्वलांच्या आखाड्यात, प्रेक्षकांनी भरलेला लाकडी सज्जा कोसळला. अनेक जण जखमी झाले व काही दगावले. प्युरिटन धर्मोपदेशक जॉन फील्ड यांनी लगोलग एक पुस्तिका प्रसिद्ध करून हा ईश्वरी कोप असल्याचे प्रतिपादन केले. विश्रामवार मोडल्याची ही शिक्षा होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. सज्जाचे लाकूड जुने होते, या साध्या कारणाला त्यांच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. (याच फील्ड यांचा मुलगा नेथन पुढे लंडनच्या रंगभूमीवरील नामांकित नट व नाटककार झाला. बापाच्या पुस्तिकेला इतके सडेतोड उत्तर दुसऱ्या कोणी दिले नसावे.)

या पुस्तिकेचे खरे मोल तिच्यातील मृतांच्या यादीत आहे. आपल्या म्हणण्याला बळ यावे म्हणून फील्ड यांनी नावानिशी माणसे सांगितली आहेत. साउथवर्कचा एक कातडीविक्रेता, शोरडिचचा एक पाववाला, लोम्बार्ड स्ट्रीटवरील चर्चचा एक कारकून, दोन घरगडी, पिशव्या बनवणाऱ्याकडे नोकरीस असलेली अॅलिस व्हाइट नावाची मुलगी आणि एका पाणक्याची मुलगी मेरी हॅरिसन. पाच पुरुष आणि दोन स्त्रिया. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये रंजनस्थळी जमलेल्या सामान्य प्रेक्षकांची इतकी नेमकी नोंद फारच थोड्या ठिकाणी सापडते, आणि ती मिळते तीही त्या प्रेक्षकांच्या कट्टर विरोधकाकडून.

ही यादी दोन गोष्टी सांगते. पहिली अशी की, हे सारे लोक दुसऱ्याच्या चाकरीत तरी होते किंवा स्वतःच्या हातच्या धंद्यावर जगणारे होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ते रविवारी आले होते, कारण इतर दिवशी त्यांना येता येत नव्हते. १५६३ च्या कारागीरविषयक कायद्याने रोजंदारीवरील मजुराचे कामाचे तास ठरवून दिले होते. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्याने पहाटे पाचपर्यंत कामावर हजर व्हावे व संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान सुटावे. मधल्या खाण्यापिण्याला व विश्रांतीला मिळून अडीच तासांहून अधिक वेळ त्याला घेता येत नसे. हिवाळ्यात काम उजाडल्यापासून रात्र पडेपर्यंत चाले. अशा माणसाला रविवारचा खेळ नाकारणे म्हणजे खेळच नाकारणे होते. उमरावाला रविवार बंद झाला तर सोमवार होता. पाणक्याच्या मुलीला तो नव्हता.

कायदा खेळाचा की खेळणाऱ्याचा?

हा भेद कायद्याने आधीच अधिकृत केला होता. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीतील १५४१ चा बेकायदेशीर खेळांविषयीचा कायदा हा या संदर्भातील मूलभूत दस्तऐवज आहे. कारागीर, शेतकरी, शिकाऊ उमेदवार, मजूर, नोकर, खलाशी, मच्छीमार आणि नावाडी यांनी टेबल्स (म्हणजे आजच्या बॅकगॅमनसारखा फाशांचा पटावरचा खेळ), टेनिस, फासे, पत्ते, गोळे घरंगळवण्याचा बोल्स हा खेळ इत्यादी खेळू नयेत, असे हा कायदा सांगतो. मोडल्यास वीस शिलिंग दंड. सवलत फक्त नाताळात. तीही धन्याच्या घरात किंवा त्याच्या समक्ष. उलट, वर्षाला शंभर पौंड वा त्याहून अधिक उत्पन्नाची जमीन असणारा मनुष्य आपल्या नोकरांना व पाहुण्यांना आपल्या आवारात खेळण्याची परवानगी देऊ शकत होता. गोळा तोच आणि हिरवळही तीच; कुंपणाच्या आत ती करमणूक ठरे आणि बाहेर गुन्हा. खुद्द हेन्री टेनिसचा शौकीन होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कायद्याचा जाहीर हेतू तिरंदाजीचे संरक्षण हा होता. साठ वर्षांखालील पुरुषांनी धनुष्य बाळगून सराव करावा, मुलांनाही सातव्या वर्षापासून धनुष्यबाण द्यावेत, असे त्यात सांगितले आहे. रॉजर अॅस्कम यांनी चारच वर्षांनी, १५४५ मध्ये, तिरंदाजीचे गुणगान करणारा आपला संवादग्रंथ हेन्रीलाच अर्पण केला. परंतु या कायद्यामागे धनुष्ये घडवणारे, बाण करणारे व प्रत्यंचा वळणारे यांची तक्रार होती, हे विसरता येत नाही. राष्ट्ररक्षणाच्या भाषेमागे एका मंदावलेल्या धंद्याचे गाऱ्हाणेही उभे होते.

कायदा किती पाळला गेला, याचे उत्तर कागदात मिळत नाही. ते समुद्रतळाशी मिळाले. हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडाली व १९८२ मध्ये तिचा सांगाडा वर काढण्यात आला. तिच्यात १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सापडले. त्यांच्याबरोबर फासे, वाद्ये आणि सुताराच्या खोलीत ठेवलेला टेबल्सचा पटही सापडला. खलाशी आणि कारागीर हे दोन्ही वर्ग कायद्यात स्पष्टपणे निषिद्ध ठरलेले होते. आणि खुद्द राजाच्या जहाजावर, कायदा होऊन चार वर्षे उलटतात न उलटतात तोच, सुताराच्या खोलीत पट होता. समुद्रावरील शिस्तीचे नियम वेगळे असतील, पट एखाद्या अधिकाऱ्याचाही असेल, अशा शंका घेता येतात. तरीही धनुष्य आणि फासे एकाच जहाजात सुखाने नांदत होते, एवढे निश्चित. कायद्याने मात्र ते एकमेकांचे वैरी ठरवले होते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्टो यांनी आपल्या लंडनवर्णनात (१५९८) या प्रश्नाचे उत्तर नीतीत न शोधता जमिनीत शोधले. शहराभोवतीची मोकळी मैदाने कुंपणे घालून बंद झाली, नेम धरायला जागा उरली नाही, म्हणून तिरंदाज शहरातील बोल्सच्या गल्ल्यांत व जुगाराच्या अड्ड्यांत शिरले, असे त्यांचे निरीक्षण आहे. कापडशिंप्याचा धंदा केलेल्या या वृद्ध इतिहासकाराने जे एका वाक्यात सांगितले, ते कायदेमंडळाला अर्धशतकात उमगले नाही.

सणाकडून तिकिटाकडे

धर्मसुधारणेपूर्वी सामान्य माणसाचा मोकळा वेळ सणांच्या पंचांगात बांधलेला होता आणि सण पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, व्यवहारात. व्हिटसनच्या सुमारास ‘चर्च-एल’ होई. लोकांकडून वर्गणी व धान्य गोळा करून एल नावाची बिअर गाळली जाई, भाकऱ्या भाजल्या जात, सारे गाव एकत्र जेवे आणि विक्रीचा पैसा चर्चच्या डागडुजीला लागे. रिचर्ड कॅर्यू यांनी कॉर्नवॉलच्या वर्णनात (१६०२) ही पद्धत तपशिलाने नोंदवली आहे. ईस्टरनंतरच्या हॉकटाइडला स्त्रिया दोर घेऊन रस्त्यात उभ्या राहत, पुरुषांना अडकवत आणि दंड घेऊन सोडत. दुसऱ्या दिवशी पुरुषांची पाळी असे. चर्चच्या हिशेबवह्यांत स्त्रियांनी जमवलेली रक्कम बहुधा पुरुषांच्या रकमेहून मोठी दिसते. रंजन, देणगी आणि थट्टा यांचा असा मेळ असल्याने ‘मनोरंजन’ हा वेगळा खाना तेथे पाडताच येत नाही.

बिशप ह्यू लॅटिमर यांनी १५४९ मध्ये राजा सहावा एडवर्ड याच्यासमोरील प्रवचनात सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका गावी प्रवचनासाठी ते गेले असता त्यांना चर्चला कुलूप आढळले. गावकरी रॉबिन हूडसाठी वर्गणी जमवायला गेले होते आणि बिशपला परतावे लागले. देवाच्या वचनापेक्षा दरोडेखोर प्रिय, असा लॅटिमर यांचा रोष आहे व अभ्यासक तो बहुधा जसाच्या तसा उद्धृत करतात. पण रॉबिन हूडचा वेष घेऊन जमवलेली वर्गणी किंग्स्टनसारख्या पॅरिशमध्ये चर्चच्याच तिजोरीत जमा होत असे, हे हिशेबवह्या सांगतात. लॅटिमर यांच्यासमोरचे कुलूप कदाचित चर्चच्याच कामासाठी लागले असेल. ही शक्यता त्यांच्या प्रवचनात डोकावतही नाही.

हे पंचांग टप्प्याटप्प्याने आकुंचित होत गेले. १५३६ मध्ये सुगीच्या हंगामातील बहुतेक सण कामाचे दिवस ठरवण्यात आले आणि प्रत्येक चर्चचा स्वतंत्र वर्धापनोत्सव रद्द करून साऱ्या देशासाठी ऑक्टोबरचा पहिला रविवार नेमण्यात आला. कारण धार्मिक सांगितले गेले, तसेच आर्थिकही : सणांच्या संख्येमुळे आळस वाढतो व पीक वाया जाते. रोनल्ड हटन यांनी ‘द राइज अँड फॉल ऑफ मेरी इंग्लंड’ (१९९४) या ग्रंथात हिशेबवह्यांच्या आधारे दाखवले आहे की, यांतील पुष्कळ उत्सव अनादि काळापासून चालत आलेले नसून मध्ययुगाच्या अखेरीस बहरले होते. एडवर्डच्या काळात ते ओसरले, मेरीच्या काळात परतले आणि एलिझाबेथच्या दीर्घ कारकिर्दीत हळूहळू विरले. यॉर्कचे धर्मनाट्यचक्र १५६९ मध्ये, चेस्टरचे १५७५ मध्ये व कॉव्हेंट्रीचे १५७९ मध्ये अखेरचे झाले.

स्टो यांनी स्वतः पाहिलेली एक घटना या विरण्याचा साक्षात नमुना आहे. लंडनमधील सेंट अँड्र्यू चर्चपुढे दर मे महिन्यात चर्चच्या मनोऱ्याहून उंच मेपोल उभारला जाई, म्हणून त्या चर्चला ‘अंडरशाफ्ट’ हे नावच पडले. १५१७ च्या मे दिनी परदेशी कारागिरांविरुद्ध दंगल उसळल्यानंतर तो खांब पुन्हा उभारला गेला नाही. गल्लीतील घरांच्या दारांवर, पागोळ्यांखाली आकड्यांना टांगून तो तब्बल ३२ वर्षे आडवा पडून होता. १५४९ मध्ये एका धर्मोपदेशकाने ती मूर्तिपूजा असल्याचे प्रवचन केले. त्याच दुपारी शेजाऱ्यांनी खांब खाली घेतला, करवतला आणि ज्याच्या दारावर जेवढी लांबी होती तेवढा तुकडा त्याने घरी नेऊन जाळला. स्टो यांनी प्रवचनही ऐकले होते आणि परिणामही पाहिला होता.

अशा विरलेल्या सणांना राजदरबारात मात्र जागा होती. १५७५ च्या जुलैत एलिझाबेथ राणी केनिलवर्थ येथे लेस्टरच्या अर्लकडे १९ दिवस मुक्कामाला होती. तेथे तेरा अस्वलांवर कुत्री सोडण्याचा खेळ झाला. पुढे १७ जुलैला, म्हणजे रविवारीच, कॉव्हेंट्रीच्या लोकांनी आपला हॉकटाइडचा जुना खेळ तिच्यापुढे सादर केला. इंग्रजांनी डेन लोकांचा केलेला संहार हा त्याचा विषय. अग्रभागी होता कॅप्टन कॉक्स नावाचा गवंडी. त्याच्याजवळच्या गोष्टींच्या व पोवाड्यांच्या पुस्तकांची लांबलचक यादी रॉबर्ट लँगम यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पत्रात आढळते. काही धर्मोपदेशकांच्या उत्साहामुळे हा खेळ गावात बंद पडला होता आणि तो पुन्हा करू द्यावा, अशी लोकांची विनंती होती. राणीचे लक्ष आतील नृत्याकडे असल्याने तिने पहिल्या वेळी फारसे पाहिले नाही. मंगळवारी तो पुन्हा करवून घेतला आणि दोन काळविटे व पाच मार्कांची बक्षिसी दिली. गावाच्या मालकीचा खेळ गावात वर्ज्य ठरतो आणि अर्लच्या अंगणात परवानगीने होतो, हे दृश्य १५४१ च्या कायद्यातील कुंपणाची आठवण करून देणारे आहे.

केनिलवर्थच्या दुसऱ्याच वर्षी, १५७६ मध्ये, जेम्स बर्बेज यांनी शोरडिच येथे ‘द थिएटर’ हे नाट्यगृह बांधले. पाठोपाठ कर्टन (१५७७), रोझ (१५८७), स्वॉन (१५९५) व ग्लोब (१५९९) उभी राहिली. बर्बेज स्वतः सुतारकाम शिकलेले होते. या व्यवसायाला कायद्याची धार होतीच. १५७२ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यान्वये कोणा उमरावाचा आश्रय नसलेले नट, गायक-वादक, तलवारबाज व अस्वलवाले हे फेरीवाले व कल्हईवाले यांच्याबरोबर भटक्यांच्या यादीत बसवले गेले होते. अंगावर अर्लचा बिल्ला नसला, तर नट आणि भामटा यांत कायदा फरक करीत नव्हता.

नाट्यगृहातील दर बाझलचे टॉमस प्लॅटर यांनी १५९९ मध्ये नोंदवले आहेत : उभे राहण्यास एक पेनी, बसायचे तर आणखी एक आणि गादीसह उत्तम जागेसाठी तिसरी. प्रयोगाची वेळ दुपारी दोनची. प्रेक्षक कोण होता, याविषयी विसाव्या शतकात मोठा वाद झाला. आल्फ्रेड हार्बेज यांनी १९४१ मध्ये तो मुख्यतः कारागीर व शिकाऊ उमेदवारांचा असल्याचे मांडले. अॅन जेनली कुक यांनी १९८१ मध्ये तो सधन, निवांत वर्गाचा असल्याचे प्रतिपादन केले. अँड्र्यू गर यांनी १९८७ मध्ये दोन्ही मतांतील टोके कापून मिश्र समूहाचे चित्र उभे केले. गर यांचे मत आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते व ते सयुक्तिकही आहे. तथापि तिन्ही अभ्यासकांच्या मांडणीत प्रेक्षक हा प्रामुख्याने वर्ग म्हणून येतो. वार दुय्यम राहतो. लंडनच्या मजुराची रोजची मजुरी त्या सुमारास आठ पेन्सच्या आसपास होती. त्याला एक पेनी परवडणारी होती. कामाच्या दिवसाची दुपार परवडणारी नव्हती, कारण तिची किंमत अर्धा रोज म्हणजे आणखी चार पेन्स. रविवारी प्रयोग असता तर तोच खेळ त्याला पाचऐवजी एका पेनीत पडला असता. मात्र १५८० च्या दशकात लंडनमध्ये रविवारच्या प्रयोगांवर बंदी आली. म्हणजे कुक यांचे निरीक्षण सोमवार ते शनिवारच्या प्रेक्षकाला लागू पडते आणि फील्ड यांची यादी रविवारच्या. हार्बेज व कुक यांच्यातील बराचसा मतभेद वास्तविक दोन वेगवेगळ्या दिवसांमधील आहे. शिकाऊ उमेदवार कामे टाकून नाटकांना पळतात, अशी १५९० च्या दशकातील लंडनच्या महापौरांची ओरडही या प्रकाशात वाचावी लागते. उमेदवारांनी चोरली होती ती पेनी नव्हे, दुपार होती.

राजसत्तेचे धोरण या बाबतीत सरळ नव्हते. विश्रामवाराच्या पालनासाठी १५८४-८५ च्या पार्लमेंटने संमत केलेले विधेयक राणीने अडवले. जुलै १५९१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गुरुवारी नाटके करू नयेत असा आदेश काढला. कारण गुरुवार हा अस्वलांच्या खेळाचा दिवस होता आणि नाटकांमुळे राणीच्या करमणुकीसाठी पोसलेल्या त्या खेळाचे नुकसान होत होते. ज्या आठवड्यांत शेक्सपिअर लंडनमध्ये उमेदवारी करीत असावा, त्या आठवड्यांत नाटकाहून अस्वलाचा मान मोठा होता, हे वाङ्मयाच्या अध्यापकाला जरा झोंबणारे सत्य आहे. धंद्याच्या दृष्टीने दोहोंत अंतर नव्हतेच. रोझचे मालक फिलिप हेन्स्लो आणि त्यांचे जावई, नट एडवर्ड अॅलिन, या दोघांनी १५९४ पासून अस्वलांच्या आखाड्यातही भागीदारी मिळवली होती.

अस्वलांच्या खेळाविषयी मेकॉलेचे एक मत इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना तोंडपाठ आहे. प्युरिटनांना अस्वलाच्या यातनांचे काही नव्हते, प्रेक्षकांच्या आनंदाचेच दुःख होते, असा त्याचा आशय. वाक्य चटकदार आहे. पण स्टब्ज यांच्या ग्रंथाशी ताडून पाहता ते पुरते टिकत नाही. एका मुक्या जिवाने दुसऱ्याला फाडावे हे पाहण्यात ख्रिस्ती मनाला सुख कसे वाटते, प्राणी ही ईश्वराची निर्मिती नव्हे काय, असा प्रश्न त्यांनी विचारलेला आहे. १५९८ मध्ये आलेल्या पाउल हेंट्सनर या जर्मन प्रवाशाने डोळे फोडलेल्या, साखळीने बांधलेल्या अस्वलाला भोवतीने उभे राहून चाबकांनी मारण्याचा प्रकार वर्णिला आहे. या खेळापुरती तरी लोकपक्ष घेणाऱ्या अभ्यासकाची सहानुभूती गोंधळात पडते, आणि पडावी. पाणक्याच्या मुलीचा रविवारचा हक्क मान्य करताना ती तेथे काय पाहत होती, हे झाकण्याचे कारण नाही.

नाटकातील सण

सी. एल. बार्बर यांच्या ‘शेक्सपिअर्स फेस्टिव्ह कॉमेडी’ (१९५९) या ग्रंथाने शेक्सपिअरच्या सुखात्मिकांची रचना सणाच्या रचनेशी जोडून दाखवली. बंधमुक्ती आणि तिच्यातून येणारी जाण, असा तो क्रम. हे विवेचन अजूनही मोलाचे आहे. सणाचे कलेत रूपांतर होताना त्याची जाणीव बदलते, हेही बार्बर यांनी ओळखले होते. परंतु सण त्यांच्याकडे बव्हंशी एक सांस्कृतिक आकृतिबंध म्हणून येतो. ज्याच्या हातून तो निसटत होता, त्याचा हिशेब त्यात नाही. ‘ट्वेल्फ्थ नाइट’, ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ ही नावे पंचांगातून उचललेली आहेत. गावाच्या पंचांगातून सणांची पकड सुटत असतानाच ती फलकावर झळकली आणि पेनी देणाऱ्याला कोणत्याही वारी खुली झाली. ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा ज्ञात असलेला पहिला प्रयोग २ फेब्रुवारी १६०२ रोजी, कँडलमसच्या सणाला, मिडल टेंपल या कायदेपंडितांच्या निवासात झाला. राजदरबाराचे आणि वकिलांचे सण शाबूत होते.

सणाचे असे सुटे होणे विल केंप या विनोदी नटाने सर्वांत आधी ओळखले असावे. शेक्सपिअरची मंडळी सोडल्यावर त्याने १६०० च्या आरंभी लंडनपासून नॉरिचपर्यंत, शंभराहून अधिक मैल, मॉरिस नृत्य करीत प्रवास केला. नृत्याचे दिवस नऊ, मुक्काम धरून काळ सुमारे चार आठवडे. निघण्यापूर्वी त्याने या उपक्रमावर पैजा लावल्या होत्या आणि परतल्यावर पुस्तिकाही छापली. गावाने मिळून नाचायचे नृत्य एकट्याने, पैजेवर आणि छापील प्रसिद्धीसह नाचले गेले. वाटेत गर्दी लोटली, काहींनी चार पावले सोबतही केली.

या साऱ्या प्रक्रियेचे सर्वांत मार्मिक भान शेक्सपिअरच्याच एका दुर्लक्षित पात्रात आढळते. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’च्या पूर्वरंगातील ख्रिस्तोफर स्लाय हा दारूच्या गुत्त्याबाहेर पडलेला कल्हईवाला आपला जीवनक्रम सांगतो : जन्माने फेरीवाला, मग कार्ड बनवणारा, नंतर अस्वलवाला आणि आता कल्हईवाला. (येथील कार्ड म्हणजे लोकर पिंजण्याची दातेरी फणी, अनेक विद्यार्थी आणि क्वचित अध्यापकही ते खेळायचे पत्ते समजतात.) फेरीवाला, अस्वलवाला व कल्हईवाला हे तिन्ही धंदे १५७२ च्या कायद्यात भटक्यांमध्ये मोडतात. शिकारीहून परतणारा एक उमराव थट्टेखातर त्याला आपल्या वाड्यात नेतो, रेशमी कपडे घालून तोच धनी असल्याचे भासवतो आणि त्याच्यापुढे फिरत्या नटांचा प्रयोग करवतो. सुखात्मिका होणार असे कळताच ती नाताळातली उड्यांची गंमत की कोलांटउड्यांचा खेळ, असे स्लाय विचारतो. कायद्याने खेळायला दिलेला एकमेव हंगाम त्याला बरोबर आठवतो.

प्रयोग त्याला फुकट मिळालेला आहे, वेळ उमरावाने दिलेला आहे आणि पहिल्या प्रवेशाअखेरीस तो पेंगू लागलेला आहे. एकदाचे संपावे, असे पुटपुटून तो गप्प होतो; १६२३ च्या फोलिओतील संहितेत तो पुन्हा बोलत नाही. त्याच कथानकाच्या १५९४ मध्ये छापलेल्या दुसऱ्या संहितेत मात्र झोपलेल्या स्लायला त्याचे जुने कपडे चढवून गुत्त्यासमोर परत आणून टाकतात. पहाटे गुत्त्यातला पोऱ्या त्याला हलवून उठवतो, आणि आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत सुंदर स्वप्नातून आपल्याला जागे केल्याबद्दल स्लाय त्याच्यावर चिडतो.